फाइल आणि प्रिंटर शेअरिंग चालत नाहीये? कुठून सुरुवात करायची ते बघा

घरात एक डेस्कटॉप, त्याला युएसबीने लावलेला प्रिंटर, आणि एक लॅपटॉप. लॅपटॉपवरून प्रिंट देता यावी आणि डेस्कटॉपच्या डी ड्राइव्हमधले फोटो, कागदपत्रं उघडता यावीत, एवढीच अपेक्षा. दिसायला किरकोळ काम, पण यात लोकांची अख्खी रविवार दुपार जाते. कारण होतं काय, कोणीतरी यूट्यूबवर व्हिडिओ लावतो, त्यातला माणूस सांगतो फायरवॉल बंद करा, पासवर्ड बंद करा, एसएमबी वन (फाइल शेअरिंगचा जुना प्रोटोकॉल) चालू करा, रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात) जाऊन अमुक ठिकाणी शून्य टाका, आणि आपण एकामागून एक सगळं करत सुटतो. चाललं नाही तर डोक्याला ताप, आणि चाललंच तर नक्की कशामुळे चाललं ते कळत नाही, म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून.

माझं म्हणणं एवढंच की सेटिंग बदलायच्या आधी अडतंय कुठे ते शोधा. अडायच्या जागा मोजक्याच आहेत: नेटवर्क, फायरवॉल, युजर-पासवर्ड, फोल्डरची परवानगी, आणि प्रिंटर असेल तर ड्रायव्हर. यात सगळ्यात जास्त गाड्या युजर-पासवर्डवर अडतात आणि लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात नेटवर्कवर.

खालचं सगळं विंडोज १० आणि ११ साठी आहे. (१० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, पण घराघरात ते अजून आहेच, त्यामुळे सोडून चालणार नाही.) कमांड, नावं आणि आकडे मी देवनागरीत लिहितोय, टाइप मात्र इंग्रजीतच करायचे. आणि "डेस्कटॉप" म्हणजे ज्याला प्रिंटर लावलाय आणि ज्यावर फाइली आहेत तो, "लॅपटॉप" म्हणजे जिथून वापरायचंय तो, असं धरून चला.

आधी दोघं एकाच नेटवर्कवर आहेत का

दोन्हीकडे विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, सीएमडी टाइप करून एंटर मारा आणि काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग टाइप करा. आयपीव्ही४ ॲड्रेस अशी एक ओळ दिसेल. समजा डेस्कटॉपवर १९२.१६८.१.७ आणि लॅपटॉपवर १९२.१६८.१.१२ आलं, तर पहिले तीन आकडे सारखे आहेत, घरगुती राउटरवर याचा अर्थ दोघं एकाच नेटवर्कवर. जिओच्या राउटरवर साधारणपणे १९२.१६८.२९ अशी सुरुवात असते, त्याने घाबरू नका, दोन्हीकडे तेच असलं म्हणजे झालं.

एकीकडे १९२.१६८.१ आणि दुसरीकडे १९२.१६८.० असं दिसलं तर प्रकरण वेगळं आहे. हे कुठे होतं, तर फायबरवाल्याने बसवलेला एक राउटर असतो आणि बेडरूममध्ये रेंज येत नाही म्हणून आपण बाजारातून दुसरा आणून पहिल्याला जोडलेला असतो. डेस्कटॉप पहिल्याला केबलने, लॅपटॉप दुसऱ्याच्या वायफायवर. दोघांना इंटरनेट झकास मिळतं म्हणून शंकाही येत नाही, पण आतून ती दोन वेगळी नेटवर्क झालेली असतात. उपाय म्हणजे दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन तो ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकायचा, म्हणजे तो स्वतःचं वेगळं नेटवर्क न करता पहिल्याचंच नेटवर्क पुढे देतो. मोड बदलला की दोन्ही मशीन वायफाय बंद-चालू करून परत आयपीकॉन्फिग बघा.

१६९.२५४ ने सुरू होणारा आकडा दिसला तर त्या मशीनला राउटरकडून ॲड्रेसच मिळालेला नाही, तेव्हा शेअरिंगचा विषय बाजूला ठेवा आणि आधी केबल किंवा वायफाय नीट करा.

अजून दोन गोष्टी इथेच बघून घ्या. लॅपटॉप गेस्ट वायफायवर तर नाही ना? गेस्ट नेटवर्कवरच्या मशीनला बहुतेक राउटर घरातल्या बाकीच्या मशीनपर्यंत जाऊच देत नाहीत, ते मुद्दाम तसंच केलेलं असतं. आणि काही राउटरमध्ये एपी आयसोलेशन किंवा क्लायंट आयसोलेशन नावाचा पर्याय असतो, तो चालू असेल तर नेहमीच्या वायफायवरही तीच गत. दुसरी गोष्ट, लॅपटॉप ऑफिसचा असेल आणि व्हीपीएन चालू असेल तर ते बंद करून बघा, कारण बरीच कंपनी व्हीपीएन घरातल्या नेटवर्कचा रस्ता बंद करतात. ऑफिसच्या लॅपटॉपवर आयटीवाल्यांनी शेअरिंगच लॉक केलेलं असेल तर मात्र हात जोडा आणि पेनड्राइव्ह वापरा, त्याच्याशी झटापट करू नका.

प्रायव्हेट की पब्लिक

नवीन वायफायला जोडल्यावर विंडोज त्याला पब्लिक समजतं, म्हणजे तुम्ही एसटी स्टँडवर किंवा कॅफेत बसलाय असं धरून सगळं बंद ठेवतं. घरचं नेटवर्क प्रायव्हेट करायला लागतं. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, मग वायफाय किंवा इथरनेट, त्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीज, आणि तिथे नेटवर्क प्रोफाइल टाइपमध्ये प्रायव्हेट. हे दोन्ही मशीनवर करा, पण डेस्कटॉपवर जास्त गरजेचं आहे कारण बाहेरून येणाऱ्याला आत घ्यायचं काम त्याचं आहे.

मग शेअरिंगची बटणं. विंडोज ११ मध्ये नेटवर्क अँड इंटरनेटच्याच खाली ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज आणि त्यात ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज. विंडोज १० मध्ये कंट्रोल पॅनेल, नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर, आणि डावीकडे चेंज ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज. तिथे प्रायव्हेटच्या खाली नेटवर्क डिस्कव्हरी चालू, फाइल अँड प्रिंटर शेअरिंग चालू. पब्लिकच्या खाली दोन्ही बंदच राहू द्या. आणि ऑल नेटवर्क्सच्या खाली जे पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग आहे ते चालूच ठेवायचं. हो, चालू. ते बंद करा असं सांगणारे शंभर जण भेटतील, पण आपण त्या वाटेने जायचं नाही, कारण पुढे येईलच.

कोणी होमग्रुप शोधत असेल तर शोधू नका, विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०३ अपडेटपासून तो काढून टाकलाय.

"नेटवर्क"मध्ये कॉम्प्युटर दिसत नाही

फाइल एक्सप्लोररमध्ये डावीकडे नेटवर्क असतं, तिथे क्लिक केलं की घरातले कॉम्प्युटर दिसायला पाहिजेत, आणि नाही दिसले की लोक हादरतात. पण ती फक्त यादी आहे. यादीत नाव नाही म्हणजे शेअरिंग बंद आहे असं अजिबात नाही. तेव्हा यादीच्या मागे न लागता सरळ पत्ता टाका. एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलटे स्लॅश आणि डेस्कटॉपचा आयपी, असं: \\१९२.१६८.१.७ आणि एंटर. उलटा स्लॅश म्हणजे एंटरच्या आसपास असतो तो, प्रश्नचिन्हाच्या बटणावरचा नाही. ही चूक फार कॉमन आहे, साधा स्लॅश टाकला तर ब्राउझर उघडतो किंवा भलताच एरर येतो.

आयपीने उघडलं की मग नावाने करून बघा. डेस्कटॉपवर सीएमडीत होस्टनेम टाइप केलं की त्याचं नाव कळतं. नाव डेस्कटॉप आणि पुढे काहीतरी अगम्य अक्षरं असं असेल तर सेटिंग्ज, सिस्टम, अबाउटमध्ये जाऊन ते बदला, छोटं इंग्रजी नाव, १५ अक्षरांच्या आत, स्पेस नको. मी इथे घरपीसी धरतो. बदलल्यावर रीस्टार्ट करायला लागतं.

आयपीने उघडतंय, नावाने नाही किंवा यादीत दिसत नाही, असं असेल तर डेस्कटॉपवर विंडोज आणि आर, सर्व्हिसेस डॉट एमएससी, आणि त्या लांबलचक यादीत फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन शोधा. ती स्टार्ट करून स्टार्टअप टाइप ऑटोमॅटिक करा. फंक्शन डिस्कव्हरी प्रोव्हायडर होस्टही चालू आहे का बघा. एवढं करूनही यादी रुसलेली असेल तर सोडून द्या. राउटरमध्ये डेस्कटॉपसाठी आयपी रिझर्व्ह करून ठेवा म्हणजे तो आकडा बदलणार नाही, आणि आयपीनेच काम चालवा. काही बिघडत नाही.

एररचा मेसेज वाचा, नुसता ओके दाबू नका

इथे खरा फरक पडतो. \\१९२.१६८.१.७ टाकल्यावर तीनपैकी काहीतरी एक होतं.

नेटवर्क पाथ सापडला नाही असं म्हणत शेवटी ८००७००३५ असलेला कोड आला तर तुमची हाक डेस्कटॉपपर्यंत पोचलीच नाही, म्हणजे नेटवर्क किंवा फायरवॉल. युजरनेम-पासवर्डची खिडकी उघडली तर खूश व्हा, नेटवर्क आणि फायरवॉल दोन्ही ओके आहेत, आता फक्त तुम्ही कोण ते सांगायचंय. आणि फोल्डर दिसतोय पण उघडताना परमिशन नाही म्हणतोय, तर ओळखही पटलीये, फक्त त्या फोल्डरवर हक्क दिलेला नाही. आता बघा, पासवर्डची खिडकी येत असताना फायरवॉल बंद करून काय मिळणार? काहीच नाही. पण लोक तेच करतात.

पहिल्या प्रकारात नक्की काय ते कळायला पिंग करतात बरेच जण. पिंग करा पण त्यावर फार विसंबू नका, कारण पब्लिक प्रोफाइलवर विंडोजची फायरवॉल पिंगला उत्तरच देत नाही, नेटवर्क ठणठणीत असलं तरी. त्यापेक्षा लॅपटॉपवर पॉवरशेल उघडा आणि हे टाका: टेस्ट-नेटकनेक्शन १९२.१६८.१.७ -पोर्ट ४४५. विंडोजचं फाइल शेअरिंग टीसीपीच्या ४४५ नंबरच्या पोर्टवर चालतं, तेव्हा हीच खरी परीक्षा. शेवटच्या ओळीत टीसीपीटेस्टसक्सीडेड समोर ट्रू आलं तर रस्ता मोकळा आहे, पुढच्या भागाकडे जा. फॉल्स आलं तर डेस्कटॉपवर प्रोफाइल खरंच प्रायव्हेट आहे का ते परत बघा, मग विंडोज फायरवॉलमध्ये अलाऊ ॲन ॲप मध्ये जाऊन फाइल अँड प्रिंटर शेअरिंगला प्रायव्हेटची टिक आहे का बघा. ते सगळं बरोबर असूनही फॉल्स, तर बहुधा विकत घेतलेला अँटिव्हायरस मध्ये बसलाय. त्याची स्वतःची फायरवॉल असते आणि ती विंडोजचं प्रायव्हेट-पब्लिक मानेलच असं नाही. पाच मिनिटं त्याची फायरवॉल बंद करा, टेस्ट परत चालवा, ट्रू आलं तर चोर सापडला. मग फायरवॉल परत चालू करून त्याच्या सेटिंगमध्ये घरच्या नेटवर्कला ट्रस्टेड किंवा होम करा. बंदच ठेवून विसरून जाऊ नका.

पासवर्ड विचारतोय आणि कुठलाच चालत नाही

आता मेन गोष्ट. डेस्कटॉप रोज चार किंवा सहा आकड्यांचा पिन टाकून उघडता ना? तो पिन नेटवर्कवरून चालत नाही. कधीच नाही. पिन फक्त त्या एका मशीनच्या समोर बसलेल्या माणसासाठी असतो. लॅपटॉपवर जी खिडकी येते तिला डेस्कटॉपवरच्या अकाउंटचा पासवर्ड पाहिजे असतो, आणि तो काय होता ते घरात कोणालाच आठवत नसतं कारण दुकानदाराने सेटअप करून दिला तेव्हापासून सगळे पिनवर आहेत.

दुसरा प्रकार, डेस्कटॉपला पासवर्डच ठेवलेला नाही, सुरू केला की थेट स्क्रीन. मग लोक पासवर्डची जागा रिकामी ठेवून ओके दाबतात. तेही चालत नाही, कारण पासवर्ड नसलेल्या अकाउंटला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही, हे मुळातलंच धोरण आहे.

तिसरा प्रकार मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा. यूजर्समधल्या फोल्डरचं नाव ईमेलची पहिली पाच अक्षरं असतं, त्यामुळे माणसाला वाटतं तेच आपलं युजरनेम. तिथे पूर्ण ईमेल आणि मायक्रोसॉफ्टचा पासवर्ड टाकायचा असतो, आणि कायम पिनच वापरलेल्या मशीनवर कधीकधी तोही नाकारला जातो.

या तिन्हीवर माझा एकच उपाय आहे आणि मी सगळीकडे तोच करतो: डेस्कटॉपवर फक्त शेअरिंगसाठी एक वेगळा लोकल युजर बनवायचा. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूजर्स, ॲड अकाउंट. तिथे विंडोज ईमेल मागेल, ते न देता खालची "माझ्याकडे या व्यक्तीची साइन-इन माहिती नाही" अशा अर्थाची लिंक दाबा, मग पुढच्या पानावर मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय युजर जोडायचा पर्याय. नाव ठेवा घर, पासवर्ड द्या बऱ्यापैकी लांब, तीन सुरक्षा प्रश्न विचारतो त्यांना काहीतरी उत्तरं द्या. झालं. या युजरने डेस्कटॉपवर कधीच लॉगिन करायचं नाही, ॲडमिनही करायचा नाही. स्क्रीनवर एक जास्तीचं नाव दिसेल, घरच्यांना सांगून ठेवा की त्याला हात लावू नका, नाहीतर आई एक दिवस त्यात शिरेल आणि "माझे सगळे फोटो गेले" म्हणून फोन येईल.

आता लॅपटॉपवर त्या खिडकीत युजरनेम टाका घरपीसी\घर, म्हणजे आधी डेस्कटॉपचं नाव, उलटा स्लॅश, मग युजर. नुसतं घर टाकलं तर लॅपटॉप कधीकधी स्वतःच्याच नावाखाली तो युजर शोधत बसतो. पासवर्ड टाका, रिमेंबर माय क्रेडेन्शियल्सला टिक, ओके.

आधी चुकीचा पासवर्ड सेव्ह झाला असेल तर ही खिडकी येतच नाही, थेट एरर येतो. तेव्हा लॅपटॉपच्या कंट्रोल पॅनेलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर, त्यात विंडोज क्रेडेन्शियल्स, तिथे डेस्कटॉपच्या नावाने किंवा आयपीने जे काही असेल ते काढून टाका आणि ॲड अ विंडोज क्रेडेन्शियल करून नव्याने भरा. नाव आणि आयपी या दोन वेगळ्या नोंदी धरल्या जातात, तेव्हा जे वापरणार त्याचीच नोंद करा. आणि "एकाच सर्व्हरला एकापेक्षा जास्त युजरनेमने जोडता येणार नाही" अशा अर्थाचा मेसेज आला तर जुनं कनेक्शन अजून उघडं आहे, सीएमडीत नेट यूज * /डिलीट टाका किंवा सरळ लॅपटॉप रीस्टार्ट करा.

पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद का नको, ते आता. ते बंद केलं की डेस्कटॉप येणाऱ्याला गेस्ट म्हणून आत घेतो, म्हणजे तुमच्या वायफायचा पासवर्ड ज्याला दिलाय त्या प्रत्येकाला तुमचे फोल्डर उघडे. हे झालं एक. दुसरं म्हणजे २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ व्हर्जनपासून प्रो एडिशन असं गेस्ट म्हणून जायलाच नकार देतं आणि मेसेज येतो की तुमच्या ऑर्गनायझेशनच्या सिक्युरिटी पॉलिसीने हे अडवलंय. लोक गोंधळतात, घरात कुठली ऑर्गनायझेशन? कुठलीच नाही, मेसेजच तसा आहे. वेगळा युजर असेल तर या भानगडीत पडावंच लागत नाही.

तसंच एसएमबी वनचं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो याच जुन्या प्रोटोकॉलच्या भोकातून, आणि त्याच वर्षी आलेल्या विंडोज १० च्या १७०९ पासून मायक्रोसॉफ्टने तो नव्या इन्स्टॉलमध्ये द्यायचं बंद केलं. विंडोज ७ लासुद्धा एसएमबी वन लागत नाही, व्हिस्टापासून पुढचं व्हर्जन आहे. फक्त एक्सपी असेल तर लागतो, आणि घरात एक्सपी असेल तर त्याला नेटवर्कवर आणूच नका.

फोल्डरची परवानगी

डेस्कटॉपच्या डी ड्राइव्हवर एक वेगळा फोल्डर करा, समजा फोटो. पूर्ण ड्राइव्ह शेअर करू नका, सी तर नाहीच. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग टॅब, ॲडव्हान्स्ड शेअरिंग, शेअर धिस फोल्डरला टिक. शेअरचं नाव इंग्रजीत आणि बिनस्पेसचं ठेवा. खाली परमिशन्समध्ये एव्हरीवन असतं आणि त्याला फक्त रीड दिलेलं असतं, फाइली टाकायच्या-बदलायच्या असतील तर चेंजलाही टिक करा.

इथपर्यंत सगळे करतात आणि इथेच सोडतात. शेजारी सिक्युरिटी नावाचा दुसरा टॅब आहे आणि तिथे परत वेगळी परवानगी असते. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने आत सोडलं म्हणून फ्लॅटचं दार उघडत नाही, तसं आहे हे. शेअरिंगची परवानगी म्हणजे गेट, सिक्युरिटीची म्हणजे दार, आणि दोन्हींपैकी जी कडक ती चालते. तेव्हा सिक्युरिटी, एडिट, ॲड, घर टाइप करून चेक नेम्स, ओके, आणि त्याला मॉडिफायची टिक. आता लॅपटॉपवरून \\घरपीसी\फोटो उघडा आणि आत एक नवीन टेक्स्ट फाइल बनवून बघा, नुसतं उघडलं म्हणून खूश होऊ नका, लिहिता येतंय का ते बघायचं.

रोज लागणार असेल तर धिस पीसीमध्ये मॅप नेटवर्क ड्राइव्ह करून झेड अक्षर देऊन टाका, रीकनेक्ट ॲट साइन-इनला टिक. घरातल्या मोठ्यांना "झेड उघडा" सांगणं सोपं जातं.

प्रिंटर

फाइल शेअरिंग चालल्याशिवाय प्रिंटरला हात लावू नका. प्रिंटरही त्याच रस्त्याने आणि त्याच युजर-पासवर्डने जातो, त्यामुळे फाइली उघडत असतील तर अर्धं काम झालेलं असतं.

पहिल्यांदा डेस्कटॉपवरूनच टेस्ट पेज काढा. तिथेच निघत नसेल तर शेअरिंगचा दोष नाही. मग प्रिंटर प्रॉपर्टीज, शेअरिंग टॅब, शेअर धिस प्रिंटर, नाव छोटं, समजा लेझर. लॅपटॉपवर \\घरपीसी उघडलं की फोल्डरच्या शेजारी प्रिंटरचं चिन्ह दिसेल, त्यावर राइट क्लिक करून कनेक्ट. नशीब चांगलं असेल तर इथेच प्रिंट निघते.

नसेल तर बहुधा ड्रायव्हर. आपल्याकडे कॅननचा एलबीपी २९०० आणि एचपीचा लेझरजेट १०२० असे लहान लेझर प्रिंटर पिढ्यान्‌पिढ्या चालतात, सातबारा काढायच्या दुकानापासून क्लासेसपर्यंत. यांना नेटवर्कचं तोंडच नाही, नुसती युएसबी, आणि छपाईचं बरंचसं काम कॉम्प्युटरमधला ड्रायव्हरच करतो, त्यामुळे दोन्ही मशीनवर बरोबर ड्रायव्हर असणं भागच आहे. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. डेस्कटॉपवर जुनं ३२ बिट विंडोज असेल तर त्याचा ड्रायव्हर लॅपटॉपला उपयोगाचा नाही. कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ६४ बिट ड्रायव्हर आणून लॅपटॉपवर आधी इन्स्टॉल करा. इन्स्टॉल करताना युएसबी जोडा म्हणाला तर प्रिंटर एकदा लॅपटॉपला लावून टेस्ट पेज काढा आणि मग परत डेस्कटॉपला लावा, हा सगळ्यात सरळ मार्ग आहे.

कनेक्ट करताना ॲडमिनचा पासवर्ड मागतो, ते २०२१ पासून आहे. त्या वर्षी प्रिंट स्पूलरमध्ये (विंडोजमध्ये प्रिंटची रांग सांभाळणारी सर्व्हिस) प्रिंटनाइटमेअर नावाचं मोठं भोक सापडलं, आणि ऑगस्टच्या अपडेटपासून नेटवर्कवरून प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायला ॲडमिन लागायला लागला. मग त्याच सप्टेंबरच्या अपडेटनंतर शेवटी ११बी असलेला एरर सगळीकडे यायला लागला, आणि तो अजून येतो, विशेषतः एक मशीन अपडेटेड आणि दुसरं वर्षानुवर्षं अपडेट न केलेलं असेल तर. तेव्हा आधी दोन्ही मशीन पूर्ण अपडेट करा. यावरचा रजिस्ट्रीतला जो उपाय फिरतो तो ते सुरक्षेचं कुलूपच काढून टाकतो, मी तो करत नाही.

त्याऐवजी हे करा. लॅपटॉपवर ड्रायव्हर आधी टाकलेला असू द्या. मग प्रिंटर जोडताना मॅन्युअली ॲड, त्यात ॲड अ लोकल प्रिंटर, क्रिएट अ न्यू पोर्ट, प्रकार लोकल पोर्ट, आणि पोर्टचं नाव विचारेल तिथे \\घरपीसी\लेझर टाका. पुढे ड्रायव्हरच्या यादीतून तुमचा प्रिंटर निवडा. वाचायला विचित्र वाटतं, नेटवर्कचा प्रिंटर लोकल म्हणून जोडायचा, पण ड्रायव्हर डेस्कटॉपवरून ओढायची गरजच उरत नाही त्यामुळे ११बी आणि प्रिंटर जोडताना येणारे ७०९ वाले एरर बहुतेक वेळा इथे संपतात. फक्त घर युजरचा पासवर्ड लॅपटॉपमध्ये सेव्ह पाहिजे.

प्रिंट दिली, रांगेत दिसतेय, पण हलत नाही, आणि कॅन्सल केली तरी डिलीटिंग म्हणत तिथेच बसलीये? ज्या मशीनवर अडकलीये तिथे सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर स्टॉप करा, सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फाइली डिलीट करा (फोल्डर ठेवा, आतल्या फक्त), आणि स्पूलर परत स्टार्ट. प्रिंटर ऑफलाइन दाखवत असेल तर रांगेच्या खिडकीत यूज प्रिंटर ऑफलाइनला टिक पडलीये का बघा, आणि आधी हे बघा की डेस्कटॉप झोपला तर नाही. डेस्कटॉप स्लीपमध्ये गेला की प्रिंटर चालू असून काही उपयोग नाही. त्याच्या पॉवर सेटिंगमध्ये स्लीप नेव्हर करा, स्क्रीन बंद होऊ दे हवी तर.

प्रिंटरला स्वतःचं वायफाय असेल तर मात्र हा सगळा खटाटोप करूच नका. तो डेस्कटॉपमार्फत शेअर करण्यात काही अर्थ नाही, दोन्ही मशीनवर थेट जोडा. दर दोन दिवसांनी ऑफलाइन म्हणत असेल तर राउटरमध्ये प्रिंटरचा आयपी रिझर्व्ह करा आणि प्रिंटर प्रॉपर्टीजच्या पोर्ट्समध्ये डब्ल्यूएसडी पोर्टऐवजी (विंडोज आपोआप लावतं तो) स्टँडर्ड टीसीपी आयपी पोर्ट करून तो आकडा द्या.

चालू होतं आणि अचानक बंद पडलं

इथे परत सगळं पहिल्यापासून करायचं नसतं, मधल्या काळात काय बदललं ते विचारायचं. राउटर बदलला किंवा इंटरनेटची कंपनी बदलली असेल तर विंडोजला ते नवीन नेटवर्क वाटतं, प्रोफाइल परत पब्लिक झालेलं असतं आणि आयपीचे आकडेही बदललेले असतात, तेव्हा प्रायव्हेट करा आणि जिथे जिथे जुना आयपी टाकला होता तिथे नवा टाका. नवीन अँटिव्हायरस टाकला असेल तर त्याची फायरवॉल. डेस्कटॉपचं नाव कोणी बदललं असेल तर झेड ड्राइव्ह आणि प्रिंटरचा पोर्ट दोन्ही जुन्या नावाला चिकटलेले असतात.

आणि एक खास फसवणूक: घर हा युजर तुम्ही सेटिंग्जमधून न बनवता सीएमडीतल्या नेट युजर कमांडने बनवला असेल तर त्याचा पासवर्ड ४२ दिवसांनी एक्स्पायर होतो, विंडोजची तीच डिफॉल्ट मुदत आहे. दीड महिना सगळं सुरळीत चालतं आणि एक दिवस काहीही न बदलता पासवर्ड चुकीचा म्हणायला लागतं. अशा वेळी डेस्कटॉपवर ॲडमिनने सीएमडी उघडून नेट युजर घर * टाका, तोच पासवर्ड परत द्या, आणि मग ॲडमिनच्याच पॉवरशेलमध्ये सेट-लोकलयुजर -नेम घर -पासवर्डनेव्हरएक्स्पायर्स, स्पेस, डॉलरचं चिन्ह आणि त्याला चिकटून ट्रू. लॅपटॉपवर काही बदलावं लागत नाही, झेड उघडून बघा.